जिप्सी उभी राहिली, आता पहिल्यांदा कुठे न्यायची?

दिवाळी झाली की जुन्या जीप-जिप्सीवाल्यांची पत्रं वाढतात, पावसाळाभर गॅरेजमध्ये खोलून ठेवलेल्या गाड्या एकदाच्या जोडून होतात आणि सगळ्यांना कच्च्या रस्त्यावर जायची घाई असते. यावेळी पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, कारण तो बऱ्याच जणांचा आहे.

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्याकडे १९९८ ची जिप्सी किंग आहे, कार्ब्युरेटरवाली. मामांची होती, बरीच वर्षं शेडमध्ये पडून होती, मी आणि माझ्या मेकॅनिकने मिळून पूर्ण उभी केली. इंजिन खोलून रिंगा-पिस्टन नवीन, चारी पाटे (लीफ स्प्रिंग) नवीन, ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) बेअरिंग आणि सीलं नवीन, पत्र्याचं काम, रंग, सगळी वायरिंग नवीन. सध्या सिंहगड रोडवर फिरवतोय, मस्त चालतीये. आमचा ग्रुप डिसेंबरमध्ये दोन दिवस ताम्हिणी उतरून कोकणात नदीपात्रातून जायचं म्हणतोय, त्यांच्या गाड्या नवीन थार आणि जिम्नी आहेत. घरचे म्हणतायत आधी जवळ कुठेतरी जा, मित्र म्हणतायत आम्ही आहोत ना बरोबर, टेन्शन कशाला घेतो. काय करू?
— एक वाचक, धायरी

उत्तर : घरच्यांचं ऐका. मित्र मनाचे चांगले आहेत, अडकलात तर ओढून काढतील, पण तुमचा प्रश्न अडकण्याचा नाहीये. ज्या गाडीचा एकूण एक नट खोलून परत बसवलाय तिच्यात कुठला नट सैल राहिलाय हे तुम्हालाही माहीत नाही आणि मेकॅनिकलाही नाही, ते गाडी हलल्यावर, तापल्यावर, वाकडी-तिकडी झाल्यावरच कळतं. म्हणून पहिली आऊटिंग ही तुमच्या ड्रायव्हिंगची परीक्षा नसते, केलेल्या कामाची असते, आणि तिला असा दिवस द्यायचा की वाटेल तिथे थांबता आलं पाहिजे. पाच-सहा गाड्यांच्या रांगेत, सगळ्यांना अंधाराच्या आत मुक्कामी पोचायचं असताना, पुढून बारीक कट-कट आवाज आला तर तुम्ही थांबणार नाही, बघू पुढे गेल्यावर म्हणाल, हे मी बऱ्याच भल्या माणसांच्या बाबतीत बघितलंय.

दुसरं म्हणजे इंजिन. रिंगा नवीन आहेत म्हणजे पहिले हजारेक किलोमीटर त्याला सांभाळून घ्यायचं, एकाच स्पीडला तासभर दामटायचं नाही आणि मोठ्या गिअरमध्ये धापा टाकायला लावायचं नाही. नदीपात्रातल्या वाळूत नेमकं उलटं होतं, गाडीचा वेग बैलगाडीचा आणि इंजिनवर लोड पूर्ण, रेडिएटरला समोरून वारा नाही, त्यात नवीन इंजिन जरा टाईट असतंच, काटा वर चढायला वेळ लागत नाही. आधी हे किलोमीटर डांबरावर पूर्ण करा, इंजिन ऑईल एकदा लवकरच बदलून टाका, निघालेल्या ऑईलमध्ये चमचम दिसते का ते उन्हात धरून बघा.

डांबर म्हणजे नुसता सिंहगड रोड नाही. बोपदेव घाट चढून सासवडला जा आणि त्याच घाटाने कोंढव्याकडे खाली या, उतरताना ब्रेक काय म्हणतायत ते कळेल, पेडल पहिल्या वळणाला जिथे होतं तिथेच शेवटच्या वळणाला आहे का बघा, खाली-खाली जात असेल किंवा स्पंजसारखं लागत असेल तर ब्रेकची हवा नीट काढलेली नाही किंवा कुठेतरी लिकेज आहे. खाली उतरल्यावर सावलीत गाडी लावा आणि चारी चाकांच्या हबला, म्हणजे मधल्या भागाला, हाताची मागची बाजू लावून बघा, आधी लांबून, एकदम टेकवू नका, चटका बसतो. पुढची दोन्ही साधारण सारखी आणि मागची दोन्ही साधारण सारखी गरम पाहिजेत. जोडीतलं एकच जास्त तापलं असेल तर तिथलं बेअरिंग जास्त कसलंय किंवा ब्रेक धरून ठेवतोय. घरी आल्यावर जॅक लावून ते चाक वर-खाली धरून हलवा, आता खट-खट झाली तर बेअरिंग किंवा किंगपिन सैल आहे. हा सगळा अर्ध्या तासाचा खेळ आहे पण गाडीबद्दल जेवढं यातून कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळत नाही.

पाटे नवीन टाकलेत ना, मग पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट शंभरेक किलोमीटर झाल्यावर परत कसायचे आणि पाचशेला अजून एकदा. कारण असं की नवीन पाट्यांवर, प्लेटवर, ॲक्सलच्या हाऊसिंगवर रंग असतो, गाडी दणके खाते तसा मधला रंग दबतो, झिजतो आणि तेवढ्याने बोल्ट सैल होतो, वरून दिसायला मात्र सगळं टाईट. सैल यू-बोल्टवर कच्च्या रस्त्यात गेलात तर सेंटर बोल्ट तुटतो आणि हाऊसिंग जागेवरून सरकतं, मग गाडी तिरकी चालायला लागते आणि रानात त्याला इलाज नाही. व्हील नट्सचंही तेच, चाकाच्या डिस्कला नवीन रंग मारला असेल तर पन्नासेक किलोमीटरवर परत पाना लावायचाच.

आता एक चाचणी सांगतो जी फार कमी लोक करतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. एखाद्या बांधकामाजवळ मुरमाचा ढीग असेल, विचारून तिथे गाडी न्या, पुढचं एक चाक ढिगावर चढवा आणि मागचं तिरप्या कोपऱ्यातलं चाक जरा उंचवट्यावर येईल अशी उभी करा, म्हणजे चेसिस पूर्ण पिळली जाते. हॅन्डब्रेक, गिअरमध्ये, चाकांना दगड, मग इंजिन बंद करून टॉर्च घ्या आणि खाली वाकून एकेक गोष्ट बघा. ब्रेकचा रबरी पाईप, पाटा खाली लोंबल्यावर, ताणला जातोय का? टायर वळवल्यावर पाट्याला किंवा नवीन मडगार्डच्या पत्र्याला घासतोय का? प्रोपेलर शाफ्टचा स्प्लाईन (आत-बाहेर सरकणारा खाचांचा भाग) किती बाहेर आलाय? नवीन वायरिंग कुठे पत्र्याच्या धारेवर टेकलंय, सायलेन्सरच्या जवळून गेलंय? चेसिसच्या भोकातून वायर जाते तिथे रबर बसवलंय का नाही? पाटे नवीन असले की गाडी थोडी उंच बसते आणि जुन्या मापाचा ब्रेक पाईप आखूड पडतो, सपाट जमिनीवर हे कधीच दिसत नाही. मग दुसऱ्या बाजूने तसंच करा.

जिप्सीत गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं आणि मागचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारे गिअर) अशी चार वेगवेगळी ऑईलं असतात, चारी भरलीत का हे स्वतः प्लग खोलून बोट घालून बघा, मेकॅनिक कितीही विश्वासाचा असला तरी. जोडणी एका हाताने आणि ऑईल भरणं दुसऱ्या हाताने झालेलं असतं तेव्हा एखादं राहून जातं. ट्रान्सफर केस रबरी माऊंटिंगवर वेगळी टांगलेली असते, ते रबर जुनंच ठेवलं असेल तर बदला, लोड आला की ती केस फिरते आणि सगळी गाडी थरथरते. आणि पेट्रोलची टाकी. गाडी वर्षानुवर्षं उभी होती म्हणताय, म्हणजे टाकीत आतून गंज असणारच, रस्त्यावर तो तळाशी बसून राहतो, कच्च्यावर गाडी हिंदकळली की सगळा उठून फिल्टरमध्ये आणि तिथून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये. टाकी धुतली नसेल तर धुऊन घ्या आणि तरीही दोन फिल्टर जवळ ठेवा.

एवढं झालं की जागा. ताम्हिणी-मुळशीचा मोह मला कळतो, पण पहिल्यांदा तिकडे नको. तिथे बरीच जमीन वनखात्याची, ताम्हिणी तर अभयारण्य आहे, बाकीची भातखाचरं आणि त्यांचे बांध, मोबाईलला रेंज कुठे असते कुठे नसते आणि गाडी बंद पडली तर घाटातून टोचन करून आणणं हा वेगळाच प्रकार. त्यापेक्षा पुरंदरकडे जा, सासवड-जेजुरीच्या पट्ट्यात. पाऊस कमी, जमीन मुरमाड, गाडीवाटा भरपूर, मुख्य रस्ता कुठूनही चार-पाच किलोमीटरवर, सासवडला गॅरेज आहे, पंक्चरवाला आहे, स्पेअर नाही मिळाला तर पुण्यातली नाना पेठ तासा-दीड तासावर. फक्त काळी माती टाळा, पावसाची एखादी सर येऊन गेली असेल तर ती टायरला अशी चिकटते की नक्षी भरून टायर गुळगुळीत होतो.

वाट शेतातून जात असेल तर आधी मालकाला विचारायचं, गाडी रस्त्यावर लावून चालत जाऊन विचारायचं, इंजिन चालू ठेवून काचेतून नाही. बहुतेक जण हो म्हणतात, कुठून जा आणि कुठून नको हेही सांगतात. आणि मोकळं माळरान दिसलं की मोकाट गाडी फिरवायची नाही, हे मला अगदी मनापासून सांगायचंय. पुण्याच्या पूर्वेकडच्या या माळांवर लांडगे आहेत, सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत, टिटवी, चंडोल, धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती अंडी दगडासारखीच दिसतात, गाडीतून दिसणं शक्य नाही. उमटलेली चाकोरी आहे तिच्यावरूनच जा. तेवढ्यात गाडीची सगळी परीक्षा होते.

प्रत्यक्ष त्या दिवशी सकाळी लवकर निघा, बरोबर एकच दुसरी गाडी, तिचा मालक घाई न करणारा. डांबर सोडलं की टायरची हवा कमी करून १८-२० पीएसआयवर आणा, टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते आणि तुमच्या नवीन पाट्यांचे दणकेही कमी लागतात, त्याच्या खाली जाऊ नका नाहीतर वळणावर टायर रिममधून सुटेल. परत डांबरावर यायच्या आधी हवा भरायची म्हणून कॉम्प्रेसर पाहिजेच. खाली उतरून पुढच्या चाकांचे दोन्ही हब लॉक करा, दोन्ही, एकच लॉक करून पुढची चाकं का ओढत नाहीत म्हणून डोकं खाजवणारे लोक असतात. फोर-हाय (चारी चाकांना ताकद, वेग नेहमीचा) टाका आणि थोडं चाला, मग पूर्ण थांबून फोर-लो (तेच, पण हळू आणि जास्त जोराने). जिप्सीला पुढच्या-मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल नाही, त्यामुळे फोर-व्हील सुट्या मातीवरच, डांबरावर किंवा सिमेंटवर टाकून वळलात तर सगळा ताण शाफ्ट आणि त्याच्या सांध्यातल्या क्रॉसवर येतो. उतारावर फोर-लो पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला, इंजिनच गाडी धरून ठेवतं. स्टेअरिंगच्या आत अंगठे घालू नका, चाक दगडावर आपटलं की स्टेअरिंग उलटं फिरतं आणि अंगठा दुखावतो. कार्ब्युरेटरची गाडी खूप तिरकी झाली की फ्लोटमधलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन अडखळतं, त्याने घाबरू नका, गाडी सपाटीला आली की परत नीट चालते, नाही चालली तर मात्र जेट बघायला लागेल.

दर अर्ध्या तासाने थांबा आणि गाडीखाली एक नजर टाका, ओलं काही दिसतंय का. पुढच्या चाकामागच्या गोल हाऊसिंगवर काळं पातळ तेल-ग्रीस मिसळून येत असेल तर आतलं सील गेलंय. जे सापडेल ते वहीत लिहा, जागेवर दुरुस्तीच्या मागे लागू नका, फक्त घरी नेणं धोक्याचं आहे असं काही असेल तेवढंच करा. दुपारी दोनच्या पुढे नवीन वाट धरायची नाही, परत फिरायचं. मित्रांच्या पुढच्या ट्रिपला तुम्ही नक्की जाल, तोपर्यंत फेब्रुवारी आला तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : आमच्या जुन्या महिंद्रा एमएम-५४० जीपमध्ये दुसऱ्या मॉडेलचं डिझेल इंजिन बसवून घ्यावं असं चाललंय. कागदपत्रांचं नंतर बघितलं तर चालेल का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही चालणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची परवानगी आधी घ्यायची आणि नवीन इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून हटून बदल केलेल्या गाड्यांची नोंदणी करता येणार नाही. त्यामुळे इंजिनला हात लावायच्या आधी संगम पुलाच्या आरटीओत जाऊन विचारा, त्याच मॉडेलचं इंजिन मिळत असेल तर तेच बसवणं सगळ्यात सोपं. गाडीला पंधरा वर्षं होऊन गेलीत म्हणजे फिटनेस, पुनर्नोंदणी, पर्यावरण कर हेही बघायला लागणार, ते पाच-पाच वर्षांनी परत येतं. आरसीवर एक इंजिन आणि बोनेटखाली दुसरं असेल तर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले पहिला मुद्दा हाच काढतील, आणि समोरच्याला लागलं असेल तर तो खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो.

प्रश्न : मागच्या महिन्यात मुळशीकडे एक ओढा पार केला, पाणी गुडघ्याच्या वर होतं, गाडी आरामात निघाली. परवा सहज मागच्या डिफरन्शियलचा प्लग खोलला तर ऑईल दुधाच्या चहासारखं झालंय. सीलं सगळी नवीन आहेत मग पाणी गेलं कुठून?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : बरं झालं खोलून बघितलंत. तासभर चालून हाऊसिंग तापलेलं असतं, आतली हवाही तापलेली, ती एकदम थंड पाण्यात गेली की आकसते आणि आतून ओढ लागते. हवा आत-बाहेर करायला हाऊसिंगवर एक छोटा ब्रीदर असतो, जुन्या गाडीत तो चिखलाने किंवा गाडी रंगवताना रंगाने बंद झालेला असतो. मग ती ओढ सीलच्या ओठातून पाणी आत घेते, सील कितीही नवीन असलं तरी, कारण ते तेल बाहेर जाऊ नये म्हणून बसवलेलं असतं. ब्रीदर चालू असेल पण पाण्याखाली गेला असेल तर सरळ तिथूनच पाणी ओढलं जातं.

इलाज सोपा आहे पण आजच करा, असं ऑईल घेऊन गाडी चालवलीत तर आतले क्राऊन-पिनियन गिअर आणि बेअरिंग खराब होतील. सगळं काढा, स्वस्तातलं गिअर ऑईल भरून थोडी गाडी फिरवा, तेही काढा, रंग साफ आला की चांगलं ऑईल भरा. पुढचं हाऊसिंग, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरही खोलून बघा, व्हील बेअरिंगचं ग्रीस बघा. मग ब्रीदरच्या जागी निपल लावून त्याला रबरी पाईप जोडा आणि तो उंच, चेसिसच्या वर, इंजिनच्या बाजूला नेऊन बांधा. कामाच्या मानाने खर्च काहीच नाही.

आणि इथून पुढे पाण्यात घालायच्या आधी पाच-दहा मिनिटं काठावर गाडी थंड होऊ द्या, तेवढ्यात स्वतः काठी घेऊन ओढा चालून बघा, तळाशी दगड आहेत का गाळ ते पायाला कळतं. पाणी वाहतं असेल आणि तुम्हाला त्यात नीट उभं राहता येत नसेल तर गाडी घालायची नाही. मधेच इंजिन बंद पडलं आणि पाणी एअर फिल्टरच्या उंचीला आलं असेल तर परत सेल्फ मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर ओढून काढा आणि आधी फिल्टर उघडून बघा. पार झाल्यावर ब्रेक थोडे दाबत चाला म्हणजे ड्रममधलं पाणी सुकेल.

प्रश्न : माझे मिस्टर जीप चालवतात आणि अवघड जागी मला खाली उतरून हात दाखवायला सांगतात. मी डावीकडे म्हटलं की ते विचारतात कुणाच्या डावीकडे, शेवटी दोघांची भांडणं. मुलगाही मागून ओरडत असतो. नीट कसं करायचं?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ताई, डावं-उजवं म्हणूच नका. तुम्ही गाडीकडे तोंड करून उभ्या असता, तुमचं डावं ते त्यांचं उजवं. ट्रकवाले म्हणतात तसं ड्रायव्हर साईड आणि क्लीनर साईड म्हणा, ते कुठूनही बघितलं तरी एकच राहतं. त्याहून चांगलं म्हणजे बोलायचंच नाही, इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही, फक्त हात. घरून निघायच्या आधीच ठरवून घ्या : दोन्ही हात एका बाजूला दाखवले की स्टेअरिंग तिकडे, बोटं आपल्याकडे हलवली की हळू पुढे, दोन्ही मुठी वर म्हणजे थांबा. हात दाखवणारा माणूस एकच, तुम्ही. मुलाला सांगा की तू फक्त थांबा म्हणू शकतोस, कारण थांबायचा इशारा कुणीही दिला तरी गाडी थांबलीच पाहिजे.

चढायच्या आधी दोघांनी मिळून ती जागा चालून बघायची आणि कुठलं चाक कुठल्या दगडावर ठेवायचं ते तिथेच बोलून ठरवायचं, निम्मी भांडणं तिथे संपतील. तुमच्या जीपच्या पुढच्या डिफरन्शियलचा गोळा मधोमध नसून एका बाजूला असेल, बऱ्याच जुन्या जीप-जिप्सीत तसा असतो, खाली वाकून तो कुठल्या बाजूला आहे ते लक्षात ठेवा, कारण उंच दगड त्याच्या खाली न येऊ देणं हेच तुमचं मुख्य काम. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसला पाहिजे, त्यांना तुम्ही दिसेनाशा झालात की त्यांनी थांबायचं.

उभं कुठे राहायचं तेही सांगतो. गाडीपासून चांगलं लांब, पण गाडी आणि कडा, गाडी आणि झाड यांच्या मधे कधीच नाही, आणि उतारावर गाडीच्या खालच्या बाजूला तर अजिबात नाही. मागे सरकत चालायचं नाही, ठेच लागून पडलात तर ड्रायव्हरला दिसणार नाही, त्यांना थांबवा, वळून चालत पुढे जा, परत उभ्या राहा, मग बोलवा. आणि गाडी ओढून काढायची वेळ आली की हात दाखवणं बंद, तुम्ही आणि मुलगा दोघांनी दोराच्या लांबीच्या दीडपट तरी बाजूला जायचं, ताणलेला दोर किंवा त्याचा हुक सुटला तर गोळीसारखा येतो. दोरावर मध्यभागी जाड सतरंजी किंवा गोधडी टाकून ठेवा, आणि दोर बंपरला नाही, चेसिसला बोल्ट केलेल्या हुकलाच लावलाय हे ओढायच्या आधी एकदा स्वतः बघून या.